बार्शी लाईटवरच्या आमच्या स्टेशनाचा इतिहास गोळा करताना : कामाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४

आज ग्रामवाचनालयात बसून काम ठरवलं. बार्शी लाईट या जुन्या नॅरोगेज (छोट्या रुळांच्या) रेल्वेच्या बार्शी ते तडवळे टप्प्यात आमचं लहानसं स्टेशन होतं. ब्रॉडगेज करताना मार्ग वळवून धाराशिवला (तेव्हाचं उस्मानाबाद) नेला आणि जुन्या रस्त्याचे काही तुकडे सुटले. आमचं स्टेशन त्या सुटलेल्या तुकड्यावर आहे. रूळ केव्हाच उचलले गेले. उरलंय ते एवढंच: काळ्या दगडाची दोन खोल्यांची इमारत, मालधक्क्याचा चौथरा, पाण्याच्या टाकीचं जोतं आणि गावाच्या नावाची एक दगडी पाटी.

माझे आजोबा या रुळांवर गँगमन (रुळांची देखभाल करणारे) होते. ते गेले तेव्हा मी नववीत होते आणि त्यांना काही विचारायचं मला सुचलं नव्हतं. गावात रेल्वेत काम केलेली किंवा रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहिलेली आता सहा माणसं उरली आहेत. त्यातल्या दोघांना ऐकू येत नाही. म्हणून हे काम याच वर्षी करायचं.

कामाला मी, कॉलेजातली दोन पोरं आणि निवृत्त गुरुजी. खर्चाला वाचनालयाच्या देणगीतले १५,००० रुपये. तीन महिन्यांत संपेल असा अंदाज आहे. (नंतरची भर: सात महिने लागले.)

२१ जानेवारी

इमारतीची मापं घेतली. सकाळी आठ ते एक.

सगळी मापं मीटरमध्ये घेतली आणि तिथेच चुकलो. दाराची रुंदी ०.९१, खोलीची ३.६६, भिंतीची जाडी ०.४६. कागदावर हे आकडे काहीच बोलेनात, आणि दोन ठिकाणी टेप सरकलेली कळलीही नाही. संध्याकाळी गुरुजींनी वही बघितली आणि म्हणाले, "अगं, हे बांधणाऱ्यानं फुटात बांधलंय." दार तीन फूट, खोली बारा फूट, भिंत दीड फूट. फुटात मोजलं की मापं पूर्णांकात येतात, आणि जिथे येत नाहीत तिथे एक तर आपण चुकलेलो असतो नाही तर ते काम नंतरचं असतं. तिकीट खिडकीच्या शेजारची भिंत सव्वानऊ इंच निघाली. बाकी घडीव दगड आणि ही विटांची. म्हणजे ती मागाहून घातलेली. मीटरमध्ये हे आमच्या नजरेतून सुटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळं परत मोजलं. एक दिवस गेला. खर्च: १०० फुटी टेप ३५० रुपये.

४ फेब्रुवारी

म्हाताऱ्या माणसांकडे जायला सुरुवात केली. पहिल्या तीन मुलाखती वाया गेल्या म्हटलं तरी चालेल.

पहिली चूक प्रश्नाची. मी वहीत लिहून नेलं होतं: "स्टेशन कोणत्या साली झालं? क्रॉसिंगची दुसरी लाईन कधी काढली?" साल कुणाच्याच डोक्यात नसतं. माणूस ओशाळतो, "आता कुठलं आठवतंय पोरी" म्हणतो आणि गप्प होतो. दुसरी चूक वेळेची. दुपारी जेवणानंतर गेलो, गँगमध्ये काम केलेल्या आबांना डुलकी लागली. तिसरी फोनची. त्यातली जागा भरली होती आणि रेकॉर्डिंग अकराव्या मिनिटाला बंद पडलं, ते आम्हाला घरी आल्यावर कळलं. त्या अकरा मिनिटांतही वर पत्र्याला लावलेल्या पंख्याची खडखड बोलण्यापेक्षा मोठी आहे.

आता असं करतो: सकाळी नऊच्या आत, पंखा बंद, दोन फोन, आणि एक फोन छातीजवळ घडी घातलेल्या टॉवेलवर. साल विचारायचंच नाही. त्याऐवजी गावाला ठाऊक असलेल्या खुणा धरायच्या. तडवळ्याची बाबासाहेबांची परिषद (फेब्रुवारी १९४१), रझाकार आणि पोलीस ॲक्शन (सप्टेंबर १९४८), बहात्तरचा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३). "हे भूकंपाच्या आधीचं का नंतरचं?" असं विचारलं की उत्तर लगेच येतं, आणि ते बहुतेक बरोबर निघतं.

आबांनी या पद्धतीनं जी पहिली गोष्ट सांगितली ती कामाची निघाली. त्यांचे वडीलही गँगमध्ये होते आणि ते म्हणायचे, "रझाकार गेल्यावर पाच-सहा वर्षांनी आम्ही कंपनीचे होतो ते सरकारचे झालो." बार्शी लाईट कंपनी भारत सरकारनं विकत घेतली ती १ जानेवारी १९५४ ला. तंतोतंत जुळलं.

११ फेब्रुवारी

पॉइंट्समनच्या (रुळांचे सांधे बदलणाऱ्याच्या) बायको, वय नव्वदीच्या पुढं. आम्ही त्यांना आजीच म्हणतो. त्या क्वार्टरमध्ये बावीस वर्षं राहिल्या.

आजींनी आधी काही सांगितलं नाही. आत गेल्या आणि माळ्यावरून फडक्यात गुंडाळलेला हातकंदील काढायला लावला. गाडीला दाखवायचा तो. पत्र्याचा, काळा पडलेला, वर कडी. आतली नळी फिरवली की पुढच्या भिंगासमोर लाल किंवा हिरवी काच येते. लाल काचेला तडा आहे आणि त्यावर आतून कसला तरी डिंक लावलाय. बुडाशी बी, एल, आर ही इंग्रजी अक्षरं ठोकलेली आहेत, बोट फिरवलं की कळतात. आजी म्हणाल्या, "तडा गेला म्हणून पगारातनं कापतील ह्या भ्यानं ह्यांनी घरीच चिकटवली. मास्तरला कधी कळलं न्हाई." लाईट गेली की अजून हाच कंदील लावतात.

मग आपणहून बोलल्या. "गाडी येडशीचा घाट चढाय लागली की तिचा आवाज बदलायचा. वारं आमच्याकडचं असलं तर घरात ऐकू यायचा. तवा पीठ मळाय घ्यायचं. तव्यावरची दुसरी भाकरी निघंस्तोवर गाडी स्टेशनात." ४७ मिनिटांचं रेकॉर्डिंग मिळालं, स्वच्छ. आजवरच्या कामात मोलाचं हेच.

कंदील मागून आणला नाही. तिथेच पांढऱ्या चादरीवर ठेवून नऊ फोटो काढले, शेजारी पट्टी ठेवून. वस्तू घरातून बाहेर काढली की माणसं बोलायची थांबतात, हे पहिल्या आठवड्यात दुसऱ्या एका घरी अनुभवलं होतं.

२५ फेब्रुवारी

कागदांचा शोध. दोन आठवडे, आणि त्यातले दहा दिवस चुकीच्या ठिकाणी.

आधी सोलापूर जिल्ह्याचं जुनं इंग्रजी गॅझेटिअर वाचलं. चिकाटीनं सगळं वाचून झाल्यावर लक्षात आलं की ते १८८४ चं आहे आणि बार्शी लाईट १८९७ ला सुरू झाली. पुस्तकाचं साल आधी बघावं, एवढीही काळजी मी घेतली नाही. त्यात बार्शीच्या कापूस बाजाराचं वर्णन मात्र आहे, आणि ही रेल्वे का झाली ते त्यावरून कळतं: बार्शी भरभराटीची पेठ, पण मोठी रेल्वे वीस मैलांवर कुर्डुवाडीवरून गेली. त्या स्टेशनाला तेव्हा 'बार्शी रोड' म्हणत.

मग मुंबईला गेले, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात. तिथल्या लोकांनी मदत केली. दोन दिवस बसले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं १८९५ मध्ये लंडनला कंपनी नोंदवली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली, त्या पहिल्या टप्प्याबद्दल वाचायला मिळालं. आमच्या गावाबद्दल एक ओळ नाही.

कारण साधं होतं आणि ते मला मुंबईला जायच्या आधी कळायला हवं होतं. बार्शी मुंबई इलाख्यात होती. आमचं गाव १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात. आमची जमीन रेल्वेला दिली ती हैदराबादच्या सरकारनं. म्हणजे आमचे कागद, असलेच तर, हैदराबादला तारनाक्याच्या पुराभिलेखागारात, आणि उर्दूत. मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या स्टेशनाचं काम कुणी करणार असेल तर हे पहिल्या दिवशी ठरवा: तुमचं गाव १९४८ पूर्वी कुणाच्या राज्यात होतं?

खर्च: मुंबई जाणं-येणं, राहणं, झेरॉक्स मिळून ४,१०० रुपये. एकूण देणगीच्या चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्तच.

१० मार्च

घबाड मिळालं असं वाटलं. (पुढच्या नोंदी वाचा.)

स्टेशनाला लागून ज्यांचं रान आहे त्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत एक उर्दू कागद निघाला. रेल्वेसाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्याचा, असं घरचे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. घडीवर तुटलाय, एक कोपरा वाळवीनं खाल्लाय. मी फोटो काढला. आकडे मला वाचता येतात, तेवढे लावले: १३१६.

घरी येऊन हिजरी सनाचं इसवी सन काढलं. हिजरी १३१६ म्हणजे १८९८-९९. बार्शीपर्यंत गाडी १८९७ ला आली, पुढच्याच वर्षी आमच्याकडे जमीन घेतली! गावात एका दिवसात पसरलं. तडवळ्यापर्यंतचा टप्पा १९०७ ला सुरू झाला हे मी वाचलेलं होतं. पण ती पूर्ण टप्प्याची तारीख, आपलं गाव अलीकडं आहे, आपल्यापर्यंत रूळ आधी आले असतील, अशी मीच माझी समजूत घातली. गावाचं वय नऊ वर्षांनी वाढत होतं आणि मला ते हवं होतं.

२४ मार्च

पाटी करून लावली. पत्र्यावर रंग, चार फूट बाय तीन. "बार्शी लाईट रेल्वे, स्थापना १८९८." पेंटर, पत्रा, दोन लोखंडी अँगल आणि सिमेंट मिळून ४,८०० रुपये. फोटो काढले, पेढे वाटले.

३१ मार्च

पाटी काढावी लागली. रूळ नसले तरी जमीन अजून रेल्वेची आहे आणि तिथे परवानगीशिवाय काहीही उभं करता येत नाही. आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं. आलेले साहेब नीट बोलले, पण पाटी त्याच दिवशी उतरवायला लावली. अँगलचं सिमेंट फोडताना पत्रा वाकला.

त्यानंतर सातबारा काढला. जे जानेवारीत करायला हवं होतं. नोंद रेल्वेच्याच नावावर आहे. परवानगीचा अर्ज एका कार्यालयात दिला, तिथून दुसऱ्या, तिथून परत पहिल्या. चार फेऱ्या, ९६० रुपये एसटीचे, उत्तर नाही. शेवटी ठरवलं की पाटी वाचनालयाच्या ओट्यावर लावायची, ती जागा ग्रामपंचायतीची आहे. स्टेशनाच्या जागेवर नुसतं बघायला आणि मोजायला जायचं.

१५ एप्रिल

काल जयंतीची मिरवणूक होती. मिरवणुकीत एका काकांनी वडिलांच्या तोंडून ऐकलेली तडवळ्याच्या परिषदेची आठवण सांगितली आणि बोलता बोलता म्हणाले, "आमच्या गोठ्याला रुळाचीच तुळई आहे, बघितली का?"

आज बघायला गेलो. रूळ जुन्या मोडीतून घेतलेला, आडवा टाकलेला, वर पत्रे. रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर कारखान्याची अक्षरं उठावदार असतात, पण धूर आणि गंजानं काही दिसेना. पोरांनी शिडीवर चढून आधी मऊ ब्रश, मग कोरडं फडकं फिरवलं. मग पातळ कागद लावून त्यावर शिसपेन्सिल आडवी घासली, लहानपणी नाण्यावर घासायचो तशी. अक्षरं हळूहळू कागदावर आली. एक, नऊ, शून्य. शेवटचा आकडा गंजानं खाल्लेला. तीन वेळा घासलं, तीन वेळा तिथे नुसता डाग.

१९० आणि पुढे काहीतरी. म्हणजे हा रूळ १९०० च्या आधीचा नाही.

हा पुरावा पक्का नाही, हे मान्य. रूळ बदलले जातात. पण मनात किडा शिरला. लोहाराची ऐरणही रुळाच्याच तुकड्याची आहे. ती मागून घेतली, धान्याच्या काट्यावर घातली: २१ इंच लांब, ७ किलो ६०० ग्रॅम. बार्शी लाईटचे सुरुवातीचे रूळ यार्डाला (तीन फुटांना) ३० पौंडांचे. त्या हिशेबानं २१ इंचांचं वजन ७ किलो ९०० च्या आसपास यायला हवं. बाकीचं गंज आणि हातोड्यानं नेलं असणार. म्हणजे तुकडा याच जातीचा. एवढा हलका रूळ चालायचा कारण कॅलथ्रॉपनं एका आसावरचं वजन ५ टनांच्या वर जाऊ द्यायचं नाही असं ठरवूनच सगळं आखलं होतं. वजन, लांबी, अक्षरं, तिन्ही वहीत लिहिलं.

२८ एप्रिल

चूक सापडली.

बार्शीत एक निवृत्त उर्दू शिक्षक राहतात. त्यांना फोटो फोनवर पाठवला होता, त्यांनी कळवलं, "बेटा, फोटोवर मी काही सांगणार नाही, कागद दाखव." पेटीवाल्या काकांना घेऊन, कागद दोन पुठ्ठ्यांत घालून गेलो. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरला. आकड्याच्या डावीकडे नखानं दाखवलं. तिथे एक लहानसं अक्षर होतं, 'फे'. माझ्या फोटोत ते घडीच्या सावलीत गेलं होतं.

'फे' म्हणजे फसली. हिजरी असतं तर तिथे 'हे' असतं. निजामाच्या सरकारी कागदांवर, महसुलाच्या तर हमखास, फसली सन असतो. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचं. ऑक्टोबर ते डिसेंबर असेल तर ५९० मिळवायचे, जानेवारीनंतरचं असेल तर ५९१. फसली १३१६ म्हणजे ऑक्टोबर १९०६ ते ऑक्टोबर १९०७. आणि तडवळ्यापर्यंत गाडी १९०७ ला.

सगळं जागेवर बसलं. कागद, रूळ आणि छापील तारीख, तिन्ही एकच सांगतात. त्यात न बसणारी एकच गोष्ट होती, माझी पाटी.

सरांनी पुढचंही वाचून दाखवलं. मोबदल्याची रक्कम 'हाली' रुपयांत आहे. निजामाचं नाणं ते हाली, इंग्रजांचं ते कलदार, आणि साधारण सात हालीला सहा कलदार. घरातले इतकी वर्षं ती रक्कम इंग्रजी रुपयांत समजत होते. काका बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आजोबांना आम्ही समजतो त्याहून कमीच मिळालं." रक्कम त्यांच्या सांगण्यावरून इथे लिहीत नाही.

सरांनी पैसे घेतले नाहीत.

गावात परत येऊन ज्यांना ज्यांना १८९८ सांगितलं होतं त्यांना जाऊन सांगितलं. शाळेच्या फळ्यावर ते अजून लिहिलेलं होतं, ते पुसून घेतलं.

१२ मे

या नोंदीतली चूक दुरुस्त होण्यासारखी नाही.

गावाच्या नावाच्या दगडी पाटीवर रंगाचे बरेच थर आहेत. वरचा पिवळा, काळ्या अक्षरांचा. तो पोपडे धरून सुटत होता. खालचं काही दिसतं का बघावं म्हणून आम्ही तारेचा ब्रश मारला. उजव्या बाजूच्या फूटभर भागात रंग भराभर निघाला, आणि पांढऱ्या चुन्यावर काळी वळणदार रेघ दिसली न दिसली तोच ती पण भुकटी होऊन खाली आली. उर्दू अक्षर होतं. पोरगा ब्रश हातात धरून तसाच उभा राहिला. चूक त्याची नाही, ब्रश मीच दिला होता.

तिथेच थांबलो. मी सरांना फोन केला, त्यांनी एक उपाय सांगितला: रात्री या, टॉर्च समोरून मारू नका, पाटीच्या अंगाला लावून आडवा मारा.

त्याच रात्री साडेआठला गेलो. टॉर्च पाटीच्या डाव्या कडेला टेकवून उजेड पृष्ठभागावरून सरपटत सोडला. दिवसा सपाट दिसणाऱ्या पिवळ्या रंगाखालून अक्षरांच्या कडा सावली टाकून वर आल्या. वरच्या ओळीत इंग्रजी, मध्ये देवनागरी, खाली उर्दूची लांब ओढलेली रेघ. टॉर्च एक इंच वर केला की सगळं नाहीसं, खाली आणला की परत. फोन तिवईवर बांधून चारही बाजूंनी उजेड देत ३२ फोटो घेतले. उर्दू ओळीतलं पहिलं अक्षर मात्र गेलं ते गेलंच. उर्दू उजवीकडून सुरू होते, आणि ब्रश उजवीकडेच मारला होता.

जुन्या पाट्यांना हात लावू नका. आधी रात्री टॉर्च घेऊन जा.

९ जून

पहिल्या पावसाच्या आधी जुन्या मार्गानं चालून घेतलं, साडेसहा किलोमीटर. उपग्रहाच्या नकाशावर बाभळींची एक सलग वळणदार ओळ दिसते, तोच भराव. वर गेल्यावर पायाला खडी लागते. दोन ठिकाणी शेतात नांगरला गेलाय. दगडी मोऱ्या अकरा मोजल्या, नऊ धड आहेत. एका मोरीशेजारी लोखंडी स्लीपर मातीत उलटा पडला होता. त्याच्या रूळ बसायच्या खाचांमधलं अंतर घेतलं आणि अडीच फूट भरलं. हाच बार्शी लाईटचा गेज. मन भरून आलं, खोटं कशाला सांगू.

वाटेत पोरांनी विचारलं, २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन येणारी गाडी इथून गेली का. नाही. एप्रिल २०१६ ची ती जलदूत पंढरपूर, कुर्डुवाडीवरूनच आली, म्हणजे कॅलथ्रॉपनं जोडलेल्याच गावांवरून, पण नव्या मोठ्या रुळांवर. आमच्या बाजूला तेव्हा फक्त बाभळी होत्या.

१४ जुलै

आषाढी तीन दिवसांवर. वारीला निघालेल्या तिघांना थांबवून बोलतं केलं. लातूरपासून पंढरपूरपर्यंत सलग छोटी लाईन होती (पंढरपूर १९०६, लातूर १९११, पुढे मिरज १९२७, सगळी मिळून २०२ मैल), त्यामुळे इथे चढलेला माणूस थेट चंद्रभागेच्या गावाला उतरायचा. आषाढीला डबे पुरायचे नाहीत, मग मालडब्यांतून माणसं जायची. एका बाबांनी सांगितलं की मालडब्यात मिरचीची पोती वाहिलेली असायची आणि अख्खा डबा शिंकत पंढरीला जायचा. हे कुठल्याच कागदात मिळालं नसतं. रेकॉर्डिंग २२ मिनिटं.

४ ऑगस्ट

नवी पाटी वाचनालयाच्या ओट्यावर लावली. जुना वाकलेला पत्राच सरळ करून घेतला, पेंटरचे १,४०० रुपये. पाटीवर प्रत्येकी दोन आधार असलेल्याच तारखा आहेत: टप्पा सुरू १९०७, सरकारकडे १ जानेवारी १९५४, धाराशिवमार्गे ब्रॉडगेज, लातूर बाजू सप्टेंबर २००७, कुर्डुवाडी बाजू ऑक्टोबर २००८. आमच्या स्टेशनावरून शेवटची गाडी कधी गेली याची पाच जणांनी पाच उत्तरं दिली, म्हणून ती तारीख लिहिली नाही.

आजपर्यंतचा खर्च १४,२६० रुपये. त्यातले जवळपास नऊ हजार चुकांवर गेले, पहिल्या पाटीचे आणि मुंबईचे. पहिल्यांदाच सातबारा काढला असता आणि उर्दू कागद थेट सरांकडे नेला असता तर हेच काम पाच हजारांत झालं असतं. रेकॉर्डिंगच्या तीन प्रती आहेत: वाचनालयात, गुरुजींकडे, माझ्याकडे.

आजींना खुर्चीत बसवून आणलं होतं. वाचता येत नाही, म्हणून मी पाटी मोठ्यानं वाचून दाखवली. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "आन् आमच्या ह्यांचं नाव कुठाय?"

पाटीवर कंपनी होती, सरकार होतं, कॅलथ्रॉप साहेबाचं नाव होतं. काम केलेल्या एकाही माणसाचं नव्हतं. माझ्या आजोबांचंही नव्हतं, आणि माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

१८ ऑगस्ट

नावं गोळा करतोय. गँगमन, चावीवाला, पॉइंट्समन, पोर्टर, टाकीवर पाणी भरणारी बाई. घरोघर जाऊन, दोन वेगवेगळ्या घरांनी सांगितलं तरच लिहायचं, तारखांसारखंच. आतापर्यंत २३ झाली. सगळी १९५४ नंतरची आहेत. आधीचं एकच, आबांच्या वडिलांचं. कंपनीच्या काळातल्या माणसांची हजेरी कुठे असेल ते हैदराबादला बघायचं. बार्शीचे सर सोबत येतो म्हणालेत, दिवाळीनंतर.